आईच्या टाचा आणि सहाशे नव्याण्णवचं किट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथली वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर मागून एक आवाज येईल, टक टक टक. ते आमच्या आईचं लाटणं. रविवारची ऑर्डर आहे, साठ पोळ्या, आणि ती माझ्या रेकॉर्डिंगसाठी थांबणार नाही. मी थांबवायलाही गेलो नाही, कारण आजचा भाग तिच्यावरच आहे. तिच्या पायांवर, खरं तर.

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय पोरींचा विषय घेऊन बसलास. टाचा. भेगाळलेल्या, खरखरीत, रात्री चादरीत अडकणाऱ्या टाचा, आणि घरच्या घरी पेडिक्युअरची हत्यारं वापरून त्या नीट कशा करायच्या. पोरांनो, तुमच्या टाचा एकदा बघा आणि मग बोला.

ते रील्स तुम्हीही पाहिले असणार. एक टाच, एक ब्लेड, आणि चीजच्या स्लाइससारखी कातडीची सालटी निघतायत. खाली कमेंटमध्ये सगळे खूश. मीही रात्री दोन वाजता अंथरुणात पडून असे वीस-वीस रील्स बघितलेत. आणि त्यातूनच दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी एक किट मागवलं. सहाशे नव्याण्णव रुपये, आठ वस्तू, वर गुलाबी डबी. फूट फाइल, प्युमिस स्टोन, नेलकटर, क्युटिकल ढकलायची सळी, नखाखालचा मळ काढायची सळी, लाकडी काडी, एक किसणीसारखी दिसणारी पत्र्याची वस्तू आणि एक कॉर्न कटर. कॉर्न कटर म्हणजे कुरूप कापायचं यंत्र. दाढीच्या रेझरसारखं दिसतं, आत खरं ब्लेड असतं.

आई ती किसणी हातात घेऊन म्हणाली, "ह्याच्यावर आलं बरं किसलं जाईल."

आता आईबद्दल थोडं सांगतो. आम्ही सांगलीचे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पोळी-भाजी केंद्र आहे, गेली अकरा वर्षं. पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी. खाली शहाबादी फरशी, सतत ओली, आणि पायात काही नाही. स्वयंपाकघरात चप्पल घालायची पद्धत आमच्याकडे नाही. तुमच्याकडेही बहुतेक नसेल. तिच्या टाचा मी लहानपणापासून तशाच बघतोय, म्हणजे बघतोय असं मला वाटत होतं. आपण आईच्या पाया पडतो ना, तेव्हा नजर पावलांवर असते, पण टाच मागच्या बाजूला असते. लग्नाकार्यात ती साडीचा काठ टाचेवर ओढून बसायची. चप्पल काढायच्या ठिकाणी सगळ्यात शेवटी काढायची. हे मला दिसत होतं, पण ती हे का करते याचा विचार मी कधी केला नाही.

तर पाडव्याच्या दुपारी मी म्हटलं, आई, आज तू बस, मी तुझं पेडिक्युअर करतो. ती लाजली, नको नको म्हणाली, आणि मग बसली. परातीत गरम पाणी, त्यात शाम्पू. मी रीलमध्ये बघितलेलं सगळं केलं. फाइलनं घासलं, पण सालटी काही निघेनात. मग कॉर्न कटर घेतला. आणि मंडळी, निघाली. रीलसारखीच निघाली. मी तर व्हिडिओ पण काढला. दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "दुखतंय का?" आणि ती म्हणत होती, "नाही रे, काहीच नाही."

मला वाटलं, हात किती सफाईदार आहे माझा.

तीन दिवसांनी तिला ओट्यापाशी फरशीवर ओला डाग दिसला. डाळीचं पाणी सांडलं असेल म्हणून तिनं पुसला. परत दिसला. उजव्या टाचेच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जखम होती, तिच्यातून पाणी येत होतं, भोवती लाल झालेलं, आणि ती त्या पायावर तीन दिवस उभी होती. मी ओरडलोच, "अगं तुला कळलं नाही?" ती म्हणाली, "दुखलं असतं तर कळलं असतं ना."

डॉक्टरांनी जखम बघितली आणि आधी साखर तपासायला सांगितली. उपाशीपोटी १९८. आम्हाला घरात कुणालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी एक पेनासारखी वस्तू काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक दोरा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तळव्याला टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. आईला डोळे मिटायला सांगितले आणि ते एकेका जागी दोरा टेकवत गेले. जाणवलं की 'हो' म्हणायचं. मी समोर बसलो होतो. दोरा टेकत होता, वाकत होता, आणि आई गप्प होती. मग दोरा कुठेच नसताना ती म्हणाली, "हो."

त्या एका 'हो'चा आवाज मला अजून ऐकू येतो. असो.

जखम भरायला दीड महिना लागला. त्यातले पहिले तीन आठवडे पाय टेकायचा नाही, म्हणजे केंद्र बंद. दिवाळीनंतरची लग्नसराई सुरू होत होती, दोन मोठ्या ऑर्डर गेल्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. गुलाबी डबी मात्र तिनं कपाटाच्या वर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली, मी काय सहा वर्षांचा आहे असं.

आता मी जे काही सांगणार आहे ते त्यानंतर शिकलेलं आहे. थोडं डॉक्टरांकडून, बरंचसं माझ्या मावसबहिणीकडून. ताई गेली कित्येक वर्षं पार्लर चालवते, आणि माझा व्हिडिओ बघून ती हसली नाही. म्हणाली, "हे तू मला आधी दाखवायला हवं होतंस."

आधी टाच म्हणजे काय ते समजून घेऊ, पटकन. पापणीवरच्या कातडीचा वरचा थर साधारण ०.०५ मिलिमीटर असतो. तळव्याचा दीड मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे तीसपट. ही जाडी कामाची आहे, तिच्यामुळेच आपण खड्यावरून चालू शकतो. जिथे सारखा दाब किंवा घासणं होतं तिथे कातडी स्वतःच आणखी जाड होते, तेच घट्टे. आणि दुसरी गंमत, तळव्याला तेलाच्या ग्रंथी नसतातच. चेहरा तेलकट होतो, टाळू तेलकट होतं, तळवा कधी तेलकट झालेला पाहिलाय? घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. म्हणजे तळव्याचा सगळा ओलावा घामावर.

आता टाचेखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती दाबली जाते आणि कडेला फुगते. कातडी लवचिक असेल तर तिच्याबरोबर ताणली जाते. जाड आणि कोरडी असेल तर फाटते, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशी. म्हणून भेगा टाचेच्या कडेला पडतात, मध्यभागी नाही. मागून उघड्या चपला, अनवाणी उभं राहणं, वाढलेलं वजन, सारखं पाण्यात काम, हे सगळं त्यात भर घालतं.

आणि आमच्या बाबतीतली खरी मेख इथे होती. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बिघडतात हे आपण ऐकलेलं असतं. पण स्पर्श सांगणाऱ्या नसांबरोबर घाम आणणाऱ्या नसाही बिघडतात. घाम कमी, म्हणजे ओलावा कमी, म्हणजे भेगा. आई अकरा वर्षं ओल्या फरशीवर उभी आहे म्हणून टाचा फुटल्या, असं आम्ही धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं होतं. त्या टाचा काहीतरी सांगत होत्या आणि मी त्यांच्यावर ब्लेड चालवलं.

आयसीएमआर-इंडियाब नावाचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानं भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा तुमच्या घरात कुणाला नसेल असं धरू नका. आम्ही धरलं होतं.

म्हणून किट उघडायच्या आधी एक काम करा. याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या हॉस्पिटलात तयार झालेली साधी चाचणी आहे. काही विकत आणायचं नाही, तुमचं बोट पुरे. आईला किंवा बाबांना पलंगावर पाय लांब करून बसवा, डोळे मिटायला सांगा. मग तर्जनीच्या टोकानं, पीस टेकवल्यासारखं हलकं, पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद स्पर्श करा. उजवा अंगठा, उजवी करंगळी. मग डावा अंगठा, डावी करंगळी. मग उजव्याचं मधलं बोट, शेवटी डाव्याचं मधलं. सहा जागा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि एका जागी दुसऱ्यांदा करून बघायचं नाही. त्यांनी फक्त 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर हत्यारं डबीत परत ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि मधुमेह आहे हे आधीच माहीत असेल तर सगळं कळलं तरी फाइल लावायच्या आधी डॉक्टरांना एकदा पाय दाखवा.

ही टेस्ट मी माझ्या सगळ्या मावश्यांवर केली आहे. एक मावशी सहाही वेळा बरोबर बोलली आणि वर म्हणाली, "आता पाय चेपून पण दे."

बरं. सगळं ठीक आहे, पाय नुसते कोरडे आहेत, तर काय करायचं?

पहिल्यांदा मोबाइलचा टॉर्च लावून पाय बघा. बोटांच्या मधे, टाचेच्या मागे, तळव्याला. स्वतःचा तळवा दिसत नसेल तर सेल्फी काढा, फोन कशाला आहे? रक्त दिसणारी खोल भेग, लाल गरम जागा, घट्ट्यामध्ये काळा ठिपका, पाणी येणं, यातलं काहीही असेल तर तिथे फाइल लावायची नाही. आणि अजून एक फसवी गोष्ट. तळवाभर पिठासारखा कोंडा, बोटांमध्ये खाज, एकाच पायाला जास्त, हे बऱ्याचदा बुरशीचं इन्फेक्शन असतं. कोरडेपणा समजून लोक त्याला वर्षानुवर्षं क्रीम चोळत बसतात. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात येते. चार दिवस बरं वाटतं आणि मग ती बुरशी दुप्पट जोरानं परत येते. तिथे त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा.

मग पाणी. कोमट, आणि ते पायानं नाही, कोपरानं तपासायचं. बाळाला आंघोळ घालताना आजी तपासते तसं. दहा मिनिटं पुरे. अर्धा अर्धा तास पाय बुडवून बसलात तर कातडी फुगते, आहे तो ओलावाही नंतर निघून जातो. मधुमेह असेल तर पाय बुडवून ठेवायचेच नाहीत, आंघोळ झाल्या झाल्या जे करायचं ते करायचं. पाण्यात लिंबू, खायचा सोडा, व्हिनेगर असलं काही घालू नका. भेगेत लिंबू गेलं की काय होतं ते सांगायला नको. सोडा भज्यांसाठी राहू द्या.

आता हत्यारं. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा दगड, लाव्ह्याचा फेस थंड होऊन झालेला, इतका सच्छिद्र की पाण्यावर तरंगतो. आपल्याकडे याच कामाला वज्री होती. माझ्या आजीची पितळी होती, खालून खरखरीत, वरून मोर. मातीच्या भाजलेल्या वज्र्या अजूनही जत्रेत मिळतात. प्युमिस आणि वज्री ओल्या कातडीवर वापरा. सँडपेपरसारखी फाइल मात्र कोरड्या कातडीवर. ताईनं याचं कारण सांगितलं. ओली असताना सगळीच कातडी पांढरी आणि मऊ दिसते, किती काढली याचा अंदाज राहत नाही. कोरडी असताना नेमकं कुठे जाड आहे ते कळतं.

घासायचं हलक्या हातानं, एकाच दिशेनं. भेगेच्या आत फाइल घालायची नाही. भेगेच्या दोन्ही कडा जाड असतात, त्या उतरवायच्या, म्हणजे ती भेग ताणली जात नाही. आणि थांबायचं कधी? ताई म्हणते, "अजून थोडं राहिलंय असं वाटलं की थांब." गुलाबी दिसायला लागलं किंवा हाताला गरम लागलं, तर तुम्ही आधीच जास्त केलंय. कारण तळव्याचा स्वभाव बघा, जास्त खरवडलं की तो हल्ला झाला असं समजतो आणि आणखी जाड कातडी तयार करतो. मग तुम्ही अजून खरवडता. आठवड्यातून एकदा, बस्स.

पत्र्याची किसणी माझ्या मते आल्याला योग्य आहे, आई बरोबर बोलली. बॅटरीवरचा फिरता रोलर चालेल, पण एका जागी तीन-चार सेकंदांच्या वर नको आणि दाबायचा नाही. आणि ब्लेड? नको. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सलूनमध्येसुद्धा पायावर ब्लेड चालवायला कायद्यानं मनाई आहे. फाइल चुकली तर कातडी लाल होते. ब्लेड चुकलं तर काय होतं ते आमच्या फरशीवर दिसलं होतं. कुरूप असेल, ते बाभळीचा काटा रुतल्यासारखं टोचणारं, तर तेही घरी कोरू नका. त्याचं मूळ बऱ्याचदा चपलेत असतं.

ते पायमोज्यासारखे पील मास्क मिळतात ना, घालून बसायचं आणि आठवड्याभरानं सापाची कात टाकल्यासारखी साल जाते, त्यात फळांतली आम्लं असतात, ग्लायकॉलिक, लॅक्टिक वगैरे. धडधाकट पायांना कधीतरी एकदा ठीक. भेगा असतील तर चुकूनही नाही. आणि लग्नाच्या पाच दिवस आधी तर नाहीच, एका मित्रानं केलंय, फोटोंमध्ये पाय दिसत नाहीत हे त्याचं नशीब.

आता खरं काम. हत्यारं म्हणजे फार तर चार आणे, बारा आणे आहे ते क्रीम. मेडिकलमध्ये जाऊन 'युरिया क्रीम' मागा आणि पाठीमागे टक्के वाचा. १० ते २५ टक्के रोजच्या वापराला. युरिया पाणी ओढून धरतो आणि जाड थर हळूहळू सैल करतो. ४० टक्क्यांचं मिळतं, ते फार जाड घट्ट्यांसाठी, डॉक्टरांना विचारून. सॅलिसिलिक अॅसिड लिहिलेलं असेल तर मधुमेहवाल्यांनी लांब राहायचं, ते कातडी खातं आणि ज्याला कळत नाही त्याची जास्त खातं. उघड्या भेगेला युरिया झोंबतो, तर ती भरेपर्यंत तिथे साधी व्हॅसलीन.

लावायचं पाय धुऊन टिपल्याबरोबर, कातडी किंचित ओलसर असताना. मग वरून व्हॅसलीनचा पातळ थर. व्हॅसलीन स्वतः ओलावा देत नाही, आहे तो कोंडून ठेवते. कोरड्याठक्क टाचेवर नुसती व्हॅसलीन चोळणं म्हणजे रिकाम्या डब्याला घट्ट झाकण. व्हॅसलीनच्या जागी कोकमाचं तेलही चालतं. माझी एक मावशी सावंतवाडीला असते, ती पाठवते. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बियांचं असतं, थंडीत मेणासारखं घट्ट, हातावर घासलं की विरघळतं. फक्त एक, जुनी माणसं ते पळीत वितळवून गरम गरम भेगेत सोडतात. ज्या पायाला स्पर्श कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. हातावरच विरघळवा.

वरून सुती मोजे, रात्रभर. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर बाथरूमला जाताना सांभाळून, आमचे बाबा एकदा घसरलेत. बोटांच्या मधे क्रीम लावायचं नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, पावसाळ्यात तर हमखास. सांगलीच्या पावसात मला दर वर्षी होतात, ओले बूट घालून कॉलेजला जायचो ना. तिथे फक्त कोरडं पुसायचं.

नखं सरळ कापा, कोपरे गोल कोरू नका, नाहीतर नख मांसात शिरतं. क्युटिकल कापायची नाही, आंघोळीनंतर हलकी मागे ढकलली तरी पुरे. पोखरून काढली की नखुरडं होण्याची वाट मोकळी. स्टीलची हत्यारं साबणानं घासून, पुसून, स्पिरिटनं पुसायची. प्युमिस कितीही धुतला तरी त्याच्या भोकांत काहीतरी राहतंच, तर ज्याचा त्याचा वेगळा, उन्हात वाळवायचा आणि झिजला की टाकायचा. टूथब्रश वाटून घेता का? तसंच हे.

फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. रीलमध्ये पंधरा सेकंद लागतात, मला माहीत आहे.

पण एवढं सगळं करूनही आईच्या टाचा पहिल्या दोन महिन्यांत फारशा सुधारल्या नाहीत. कारण उघड होतं. रात्री मी क्रीम लावायचो आणि पहाटे पाचला ती परत ओल्या फरशीवर अनवाणी. डॉक्टर म्हणाले होते, घरातसुद्धा पायात काहीतरी हवंच. तव्यावरून तेलाचा थेंब उडाला, काच सांडली, तिला कळणार नाही. आणि आई म्हणाली, "अन्नपूर्णेसमोर चपला घालून उभी राहू?"

मी चिडलो. म्हटलं, अन्नपूर्णा काय तुझा पाय कापला तर पोळ्या लाटायला येणार आहे का? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच होती. अकरा वर्षं ती त्या ओट्यापाशी दिवा लावून काम सुरू करते. माझ्यासाठी ती फरशी आहे, तिच्यासाठी नाही.

मार्ग आजीनं काढला. आजी म्हणाली, "अगं, पूर्वी सोवळ्यात खडावा घालायचेच की." झालं. नव्या, मागून पट्टा असलेल्या, मऊ तळाच्या चपला आणल्या. त्या घराबाहेर कधी गेलेल्या नाहीत, जाणारही नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची वेगळी पाटी आहे. आई त्यांना चपला म्हणत नाही, 'खडावा' म्हणते. ओट्यासमोर रबराची जाड मॅट टाकली. तरीसुद्धा सकाळी दिवा लावताना ती त्या काढते, दोन मिनिटं अनवाणी उभी राहते, आणि मग घालते. त्या दोन मिनिटांवर मी काही बोलत नाही.

आता आमचं असं ठरलंय. रोज रात्री नऊ वाजता मी तिचे पाय बघतो, टॉर्च लावून, बोटांच्या मधेसुद्धा. मग क्रीम, मोजे. फाइल पंधरा दिवसांतून एकदा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू केली, आणि तीही पाच-सहा हात फक्त. भेगा पूर्ण गेलेल्या नाहीत. बारीक रेषा आहेत अजून. उजव्या टाचेच्या कडेला एक चकचकीत डाग राहिलाय, बोटाच्या पेराएवढा. गेल्या महिन्यात आत्तेबहिणीचं लग्न झालं, तिथे आई पंगतीत मांडी घालून बसली होती आणि साडीचा काठ जिथे होता तिथेच होता. मी मुद्दाम बघितलं.

गुलाबी डबी अजून कपाटावरच आहे. ब्लेड मी काढून टाकलं, किसणी ओट्यावर आहे, तिच्यावर खरंच आलं किसतात. धुऊन, उकळून, आणि ती कुणाच्या पायाला कधीच लागली नव्हती, हे सांगून ठेवतो, नाहीतर ऑर्डरी जायच्या.

चला, थांबतो. तुम्ही आज ती सहा बोटांची टेस्ट केलीत तर काय झालं ते व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात... काय? आई आतून काहीतरी म्हणतेय.

"नऊ नाही, साडेआठ म्हण. नऊला माझी मालिका असते."

ऐकलंत ना? साडेआठ. भेटू पुढच्या रविवारी.